शेवटच्या तीस हत्तींचे डोळे

३ नोव्हेंबर, सोमवार

आज माझ्या हातून बहुधा खोटं लिहिलं गेलं. बहुधा म्हणते, कारण रमाकांतजींच्या मते ते खोटं नाही.

पुण्याच्या कंपनीची मेल आली. इकडे हिंदी मुलखात, बिजौलीच्या आमच्या कारखान्यात शिवलेले कापडी हत्ती ती कंपनी दुकानांना पुरवते. लिहिणाऱ्या बाईंचं नाव अनुया. तीन वेगळ्या दुकानांतून तीन हत्तींचे डोळे निघाल्याची तक्रार आली आहे, कारण कळवा, असं त्यांनी इंग्रजीत लिहिलं होतं. रमाकांतजी वीस वर्षं या ऑफिसात आहेत. डिसेंबरअखेर रिटायर होतील. मग त्यांची खुर्ची मला मिळायची की नाही, ते माझे पहिले तीन महिने कसे जातात त्यावर आहे. आज माझा सोळावा दिवस. त्यांना विचारलं, काय उत्तर देऊ?

"लिही, वुई आर लुकिंग इंटू इट. खाली नाव. झालं."

लिहिलं, पाठवलं. मग विचारलं, "आता बघायला कोण जाणार?"

"कुठे?"

"खाली. डोळे का निघाले ते बघायला."

चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. आम्ही दोघंच असलो की ते मराठीत बोलतात. "अगं बेटा, लुकिंग इंटू म्हणजे जिना उतरायचा नसतो. तुमची मेल पोचली, आम्ही वाचली, रागावू नका, एवढंच ते. बघायलाच निघालो तर लिहिणार कधी?"

कॉलेजात मी या क्रियापदाची वही केली होती. लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं, लुक फॉर म्हणजे शोधणं, लुक इंटू म्हणजे मुळाशी जाऊन तपास करणं. रमाकांतजी मला शिकवतात ते वहीत नव्हतं. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे पुस्तकाबाहेरचं कुठे आणि कुणाला विचारायचं ते कळत नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत तीन वर्षांचा पत्रव्यवहार चाळला. हे वाक्य त्रेसष्ट वेळा आहे. माल उशिरा गेला तेव्हा आहे, सशाचे कान लहान-मोठे निघाले तेव्हा आहे, रंग उतरला तेव्हाही आहे. समोरचा चिडला असेल तर आधी ‘काइंडली’ येतं. ज्याने दुसऱ्यांदा लिहिलं त्याला ‘सीरियसली’ मिळतं. बँकेने आम्हाला लिहिलेल्या मेलमध्येसुद्धा हेच वाक्य आहे. पण "आम्ही बघितलं, आणि आम्हाला हे सापडलं" असं एकही पत्र नाही, ना आमचं ना कुणाचं.

मालक कौशिकजी फोनवर "देखते हैं" म्हणतात, ते याचंच हिंदी असावं. आई "बघू" म्हणते ते मात्र वेगळं आहे. बारावीनंतर मी कॉलेजचं नाव काढलं तेव्हा ती "बघू" म्हणाली, आणि तिसऱ्या दिवशी बड़ा बाज़ारातल्या शिंप्याच्या मुलीला सोबत घेऊन, रांगेत उभी राहून, फॉर्म आणला. तिला त्यावरचं एक अक्षर वाचता येत नव्हतं.

आई याच कारखान्यात खाली हॉलमध्ये असते, अकरा वर्षं झाली. डोळे लावणाऱ्या बायकांच्या लाइनची ती मुखिया आहे. मी वर ऑफिसात लागले तेव्हा तिने बजावलं, "खाली येऊ नकोस. तुझं काम वर." चारचौघींत मी तिची मुलगी म्हणून दिसावं हे तिला आवडत नसेल. मी गेटातून आत येते तेव्हा बायका एकमेकींना कोपराने ढोसतात आणि काहीतरी बोलतात. माझी सँडल जुनी आहे, त्यावरून असेल.

६ नोव्हेंबर, गुरुवार

अनुयांची दुसरी मेल आली. त्या तिनांतल्या एका हत्तीचा डोळा चौदा महिन्यांच्या मुलीच्या तोंडात सापडला होता. तिच्या आईने बोट घालून तो काढला. मूल ठीक आहे. शेवटी एकच ओळ होती, तुम्ही तपास करत आहात असं लिहिलं होतं, तर काय सापडलं?

मेल दोनदा वाचली.  ज्या सोमवारी मी "तपास करत आहोत" लिहिलं, त्या सोमवारी मी खुर्चीत बसून चहा पीत होते.

कौशिकजींकडे गेले आणि खाली जाऊन बघायची परवानगी मागितली. ते म्हणाले, "शिवांगीजी, आप जासूस हैं कि क्लर्क?" पण मेल वाचल्यावर हसू गेलं. "ठीक है. देखिए. पर जिसकी गलती हो, नाम लेकर आइए. पूरी लाइन बदल दूँगा."

संध्याकाळी पोळ्या लाटताना आईला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "किती निघाले म्हणालीस?"

"तीन कळलेत."

"डाव्या बाजूचे की दोन्ही?"

"ते नाही लिहिलं."

"आणि ते लेकरू? ठीक आहे ना?"

ठीक आहे म्हटलं. बाबांना वाढलं, मला वाढलं, स्वतः मात्र पाणी पिऊन उठली. दिवसभर खाली बसून तिचे गुडघे दुखतात. या आठवड्यात डॉक्टरकडे न्यायला हवं.

८ नोव्हेंबर, शनिवार

गुरुवारी मागवलेले तिन्ही हत्ती कुरिअरने परत आले. मला ते उसवायला धीर होत नव्हता, शेवटी रमाकांतजींनीच कात्री पुढे केली. "आता मागवलेतच, तर बघ."

हत्तीचा डोळा म्हणजे काळी प्लास्टिकची टिकली, मागे तिला दांडी. दांडी कापडातून आत जाते आणि आतल्या बाजूने तिच्यावर वॉशर दाबून बसवतात. वॉशर बसला की टक असा आवाज होतो. मग हत्ती कितीही ओढा, डोळा हलत नाही. तिन्ही हत्तींच्या आत वॉशर नव्हताच. भोकाभोवती पिवळं, कडक झालेलं सोल्यूशन होतं. कुणीतरी बाहेरून चिकटवलं होतं.

शेपटीपाशी शिवलेल्या पट्टीवर तारीख असते आणि त्या दिवसाचा कितवा हत्ती तो आकडा. तारखा तीन वेगळ्या निघाल्या. आकडे १८८, १९६, २०३. रोज दोनशे दहा हत्ती होतात. म्हणजे तिन्ही दिवसाच्या शेवटाचे.

रमाकांतजी बराच वेळ पट्ट्या बघत होते. मग हळूच म्हणाले, "मला वाटलं होतं प्लास्टिकचा माल वाईट आला असेल." थोड्या वेळाने परत, "तसंच लिहून टाकू या का?" मी नाही म्हटलं. ते रागावले नाहीत.

१० नोव्हेंबर, सोमवार

सव्वाचारला खाली गेले.

हॉलमध्ये हवेत हत्तींत भरायची पांढरी रुई तरंगत होती. मला, चंपाच्या मुलीला, बघताच बायका इकडच्या बोलीत सुरू झाल्या. एक म्हणाली, "आ गई चंपा की मोड़ी! जौन अंगरेजी में चिट्ठी लिखत." दुसरी म्हणाली, "काय बिन्नू, अपनी अम्मा खों एक चिट्ठी तो लिखो!" सगळ्या हसल्या. माझं तोंड लाल झालं असणार. आईने फक्त मान वर केली. "दाराशी उभी राहा. कपड्यांना रुई लागेल." माझ्याशी एवढं परक्यासारखं बोलायची काय गरज होती?

मी दाराशीच उभी राहिले. साडेचारपर्यंत सगळं बरोबर होतं. डोळा, वॉशर, टक. मग हत्ती भरायच्या मशीनकडे. साडेचार वाजले तशी आईने हात वर केला आणि लाइन उलटी झाली. उरलेले हत्ती डोळ्यांशिवाय मशीनकडे गेले, पोट भरून, पाठ शिवून परत आले. एकदा भरला की आतून वॉशर लावायला हात जात नाही. बाटलीतून सोल्यूशनचा एक थेंब, दांडी बाहेरून आत, वर अंगठा. तपासणारीने डोळा ओढून बघितला, तो ओला असूनही टिकला.

मी आकडे मोजले. १८१ पासून २१० पर्यंत. तीस. त्यांतले अकरा माझ्या आईच्या हातचे.

घरी आल्यावर विचारलं. तिने लपवलं नाही.

"पाच वाजता मशीन बंद होतं. आधी डोळे लावत बसलो तर शेवटचे तीस पाचच्या आत मशीनपर्यंत पोचत नाहीत, डोळे लावलेले तसेच राहतात रात्रभर, न भरलेले. ते मी ठेवू देत नाही."

"का?"

"डोळे उघडे आणि पोट रिकामं. असं कुणाला रात्रभर ठेवू नये. चिरगाँवला माझी आई चिंध्यांच्या बाहुल्या करायची. पोट भरल्याशिवाय डोळे रेखायची नाही. बाहुली अर्धी राहिली तर राहू दे, पण तशी नाही."

"आई, तो कापडाचा हत्ती आहे!"

"तुला नाही कळायचं. तू कधी तशी झोपली नाहीस."

ती काय म्हणाली ते मला कळलं नाही. परीक्षेच्या दिवसांत मी कितीतरी वेळ जागी असायचे, तेही मला आठवतं. पण माझ्या उशाशी तेव्हा दूध असायचं, हेही खरं. मी चिडून म्हटलं, "एका लेकराच्या तोंडात डोळा गेला." तेव्हा ती उठून मोरीत भांडी घासायला बसली. ती आधीच घासलेली होती.

११ नोव्हेंबर, मंगळवार

काही लिहिलं नाही. मेलही नाही आणि इथेही नाही. फक्त एवढंच, की मी घाबरले आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कौशिकजींनी दुपारी बोलावलं. "मिला कुछ?" मी म्हटलं, उद्या लिहून देते. "नाम के साथ," ते म्हणाले.

आज दोन मसुदे केले. पहिल्यात "काही कामगारांकडून चूक झाली" असं आहे. त्यात खोटं काही नाही, पण कोण, कधी, का, तेही नाही. वाचताना ते त्रेसष्ट उत्तरांतलंच चौसष्टावं वाटतं. दुसऱ्या मसुद्यात सगळं आहे. आईच्या नावाची जागा तेवढी रिकामी सोडली. नाव लिहिलं तर तिचं अकरा वर्षांचं काम जाईल, आणि ते माझ्या हाताने जाईल. नाही लिहिलं तर अनुया काय समजतील, आणि शेवटचे तीस हत्ती उद्याही तसेच बाहेर पडतील.

संध्याकाळी आई माझ्या शेजारी येऊन बसली. "वाच. मराठीत सांग."

पहिला सांगितला.

"काही कामगार कोण?"

मी कागद खाली ठेवला.

"आम्ही काय पन्नास जणी आहोत? शहाणपणा करू नकोस. दुसरा वाच." तो वाचला. रिकाम्या जागेपाशी थांबले. ती म्हणाली, "लिही. चंपा. लाइन माझी, हात मी वर केला." मग जरा थांबून, "आणि हेही लिही. आधी आम्ही हाताने भरायचो, सहापर्यंत. तेव्हा एकही असा गेला नाही. सप्टेंबरात मशीन आलं, ते पाचला बंद व्हायला लागलं, आणि रोज आम्हाला कापून मिळणारे हत्ती तेवढेच राहिले. दोनशे दहा. हे कुणी आम्हाला विचारलं नाही. हे इंग्रजीत बसतं का?"

बसतं म्हटलं.

"मग बसव. आणि ज्या दुकानांत गेलेत ते परत मागव म्हणून लिही. सप्टेंबरपासूनचे. शेवटचे तीस तीस."

बाबा दारात उभे राहून ऐकत होते. ते गेटवर पहारा करतात, कमी बोलतात. म्हणाले, "शिवांगी, अक्षर चांगलं काढ." टाइप करायचं आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कागद कौशिकजींच्या टेबलावर ठेवला. वाचता वाचता त्यांची भुवई चढली. "चंपा? आपकी मम्मी?"

मी "जी" म्हणेपर्यंत दार उघडलं. आई. अकरा वर्षांत ती पहिल्यांदा वर आली होती. केसांत रुई, हातात दोन हत्ती. एक वॉशरचा, एक सोल्यूशनचा. दोन्ही त्यांच्यासमोर ठेवले आणि उभी राहून सगळं सांगितलं. पोट रिकामं असल्याची गोष्टसुद्धा. मला वाटलं, कौशिकजी आता हसतील.

ते हसले नाहीत. विचारलं, "मशीन पाँच बजे बंद होती है, ये मुझे किसी ने बताया क्यों नहीं?"

"आप पूछने नीचे आए कभी, भैया?"

रमाकांतजींनी कागदांत डोकं घातलं.  कौशिकजींनी सोल्यूशनच्या हत्तीचा डोळा ओढला. दुसऱ्यांदा ओढल्यावर तो त्यांच्या हातात आला. त्यांना तीन वर्षांची मुलगी आहे, हे मला नंतर कळलं.

"तो अब कैसे करोगी?"

"साढ़े चार के बाद नया हाथी नहीं लेंगे. एक सौ अस्सी पूरे. फिर आधा घंटा सिर्फ कान सिलेंगे, अगले दिन के लिए. कान के न आँख, न पेट."

त्यांनी तीन-चारदा मान हलवली. म्हणाले, "भेज दीजिए. जैसा लिखा है वैसा." आईला म्हणाले, "आप लाइन पर जाइए." म्हणजे लाइन तिचीच राहिली. हे मला तिच्या मागोमाग जिन्यात पोचल्यावर उमगलं.

पाठवण्यापूर्वी रमाकांतजींना तपासायला दिलं. एरवी लाल पेनने सात-आठ खुणा होतात. आज एकच. ‘सप्टेंबर’नंतर स्वल्पविराम. "याची एक प्रत मला काढून दे," म्हणाले. "घरी ठेवतो."

१५ नोव्हेंबर, शनिवार

अनुयांचं उत्तर. सप्टेंबरपासूनच्या त्या आकड्यांचे हत्ती त्या दुकानांतून उचलत आहेत. शेवटची ओळ इंग्रजीत, थँक यू फॉर लुकिंग इंटू इट.

हे वाक्य मी आजवर फक्त पाठवलं होतं, मला कधी आलं नव्हतं. कॉलेजच्या वहीत जिथे अर्थ लिहिला होता तिथे आजची तारीख घातली. पुढच्या शनिवारी त्यांचा माणूस तपासणीला येणार. सगळं त्यावर आहे. तो नाही म्हणाला तर हत्तींचं काम दुसरीकडे जाईल, आणि आईची लाइनच उरणार नाही.

आज बायकांना विचारूनच टाकलं, मला बघून का हसता? त्या आईकडे बघून आणखी हसल्या. एक म्हणाली, "तीन साल से सुन रए, मोड़ी बी.ए. कर रई, मोड़ी बी.ए. कर रई. अब देख तो लें, कैसी होत बी.ए.!" आईने तिला हत्तीच्या सोंडेने मारलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पुण्याहून पराग नावाचे गृहस्थ आले. तिशीचे, नीटनेटके. ताण मोजायचा स्प्रिंगचा काटा आणला होता, त्याच्या टोकाला हुकासारखा आकडा. डोळ्याला आकडा लावायचा आणि काटा ठरलेल्या खुणेपर्यंत ओढायचा. टेबलावर त्यांनीच निवडलेले वीस हत्ती, त्यांत कालच्या दिवसाचे शेवटचे पाच. कौशिकजी मागे हात बांधून. रमाकांतजी आज जिना उतरून खाली आले होते, रुमाल नाकाला लावून.

सोळा झाले. एकही निघाला नाही. सतराव्याला काट्याचा आकडा टिकलीवरून घसरू लागला. तीनदा लावला, तीनदा निसटला. पराग म्हणाले, "हा नोंदवता येणार नाही. पकडच मिळत नाही." आणि पेन उचललं.

आई पुढे झाली. "द्या इकडे."

"मावशी, तुम्ही मराठी?"

"मग काय! तुमचं पुणं तेवढं मराठी का? आमच्या पाच-सहा पिढ्या इथे गेल्या." तिने हत्ती घेतला, काटा बाजूला सारला. "लेकरू काय काट्याने ओढतं?"

आणि तिने तो डोळा दाढेखाली धरला. दोन्ही हातांनी हत्तीचं डोकं धरलं, मान मागे टाकली आणि ओढलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या. कापड ताणलं, सोंड वाकडी झाली. हॉलमधल्या सगळ्या मशीन बंद होत्या. कुणी हसत नव्हतं. तिने बाजू बदलून दुसऱ्या दाढेखाली धरला आणि पुन्हा ओढलं.

मग हत्ती परागांच्या हातात दिला. टिकलीवर दोन दातांचे वण होते. डोळा जागच्या जागी.

पहिली शिट्टी आमच्या बायकांपैकी कुणी मारली ते माहीत नाही. मग जे काही झालं त्यात परागांचं बोलणं ऐकू येईना. कौशिकजी टाळ्या वाजवत होते आणि आपण वाजवतोय हे त्यांच्या लक्षात नव्हतं. उरलेले तीन काट्यानेच झाले, तिन्ही टिकले. हत्तींचं काम आमच्याकडेच राहील, असं पराग तिथेच बोलले.

रिपोर्टच्या कागदावर ‘तपासणी कोणी केली’ असा रकाना आहे. परागांनी आपलं नाव लिहिलं, जरा थांबले, आणि सतराव्या हत्तीच्या ओळीसमोर वेगळं नाव लिहायला पेन टेकवलं. माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडायच्या आत आईच म्हणाली, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी,

"चंपा शिवाजीराव शितोळे. आणि तपासाची चिट्ठी जिने लिहिली, ती शिवांगी. तेही लिहा. लेक आहे माझी."